देवटाक्याची राखण

वैशाख वद्य पक्ष सरत आला होता. सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, तीन बाजूंनी तुटलेल्या काळ्या कड्यांच्या माथी उभ्या असलेल्या शिलंधर गडावर त्या दिवशी उजाडले ते धुळकट, तांबूस उजेडाने. वाळून काटक्या झालेली कारवीची राने, वणव्याने काळवंडलेली उतरण, आणि त्या उतरणीच्या पायथ्याशी, नदीच्या दोन्ही तीरांना धरून पसरलेले मोगली फौजेचे पांढरे डेरे हळूहळू उजेडात आले. त्या डेऱ्यांपुढच्या चुलींचा धूर वाऱ्याबरोबर वर चढे, आणि तव्यावरच्या भाकरीचा वास तटावर उभ्या असलेल्या उपाशी माणसांच्या नाकाशी येऊन थांबे.

वेढ्याचा हा चौथा महिना. गडाचे किल्लेदार जैताजीराव वाघचौरे हे रणात निधडे आणि वचनाला पक्के. परंतु ज्यांनी त्यांना जवळून पाहिले ते सांगत, की मिळेल तो पहिला चांगला सल्ला हाच अखेरचा सल्ला असे मानण्याची त्यांना सवय होती. गडावर लहानमोठी तीनशे माणसे होती. कोठारात नाचणी होती ती पंधरा दिवसांची. तीन टाक्यांपैकी दोन टाकी होळीपासूनच कोरडी पडली होती, आणि सारा गड जगत होता तो बालेकिल्ल्याच्या पोटात कोरलेल्या, कमरभर पाणी उरलेल्या एका देवटाक्यावर. पाऊस पडण्यास अजून किमान वीस दिवस होते.

या देवटाक्यात मासे होते. बोटभरापासून हातभरापर्यंतचे, काळसर पाठीचे, दोन-अडीचशे. ते देवीचे मासे. त्यांना कोणी हात लावीत नसे. टाक्याची राखण तीन पिढ्यांपासून मेंगाळांच्या घराकडे होती, आणि या वेळी ती वाळबा मेंगाळ नावाच्या सत्तरीच्या महादेव कोळ्याकडे होती. दररोज सूर्योदयास वाळबा अनवाणी पायांनी बारा पायऱ्या उतरे, भाजलेल्या नाचणीची चिमूट पाण्यावर टाकी, आणि माशांचे कळप उसळून वर आले की मागे वळून एकच शब्द उच्चारी, "भरा." मग घागरी बुडत. सकाळी घटकाभर पाणी भरले, की टाके दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

त्या सकाळी सदरेवर मसलत बसली होती, ती या माशांविषयी.

"दाजी," तटसरनौबत रंगोजी खलाटे म्हणाला. तटावरील पहारे त्याच्या हाती होते, आणि तो किल्लेदारांच्या पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ होता. "पेजेच्या पाण्यावर तलवार पेलत नाही. काल पश्चिम बुरुजावर दोन गडी उभ्याउभ्या कोसळले. आणि टाक्यात अडीचशे मासे लठ्ठ होऊन फिरताहेत. शत्रूने गड घेतला तर तो काय त्यांची पूजा मांडणार आहे?"

जमलेल्या शिबंदीत हशा पिकला. भुकेल्या माणसांचे ते हसणे कोरडे होते.

वाळबा खांबाआडून पुढे आला. "न्हाई सरकार. मासा वर आल्याबिगर घागर बुडवायची न्हाई, असा माझ्या आज्याचा बोल हाय. मासं गेलं तर म्या 'भरा' कशावर म्हनू?"

सदरेच्या उजव्या अंगास गदाधरशास्त्री बसले होते. गडाचे उपाध्ये, न्याय आणि धर्मशास्त्र यांचे अध्ययन काशीस बारा वर्षे केलेले, असत्य शब्द ज्यांच्या मुखातून कधी निघाला नाही असे त्यांच्याविषयी शत्रूदेखील म्हणत. त्यांनी सौम्यपणे विचारले, "वाळबा, हा नियम कशासाठी? कारण काय सांगितले होते?"

म्हातारा घोटाळला. "कारन... ठावं न्हाई जी. बानं सांगितलं, म्या केलं."

"बाप म्हणाला असता कड्यावरून उडी टाक, तर टाकली असतीस का रे?" रंगोजीने विचारले.

"बा तसं म्हनला नसता, सरनौबत. त्यो शाना व्हता."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी तो रंगोजीच्या विरुद्ध होता. परंतु किल्लेदारांचे लक्ष शास्त्रीबुवांकडे होते. "आज्ञा करावी," ते म्हणाले. "देवीचे मासे खाल्ल्याने पातक लागते काय?"

गदाधरशास्त्र्यांनी डोळे मिटले. त्यांच्यापुढे ग्रंथांतील वचने एकामागून एक उभी राहिली, अनुकूल कोणती, प्रतिकूल कोणती, कोणते बलवत्तर, याचा त्यांनी प्रामाणिकपणे तोल केला, आणि मग ते म्हणाले, "प्राणसंकटात देवद्रव्यही भक्षण करता येते, असा शास्त्राचा निर्णय आहे. पुढे सुस्थिती आल्यावर शांती करावी. पातक नाही."

निर्णय शास्त्रशुद्ध होता. त्यात चूक काढणारा पंडित त्या काळी दक्षिणेत नव्हता. परंतु नियम कोण पाळतो हे माहीत असताना, तो पाळण्यासाठी तो मनुष्य प्रत्यक्ष काय करतो हे पाहण्यास त्या बारा पायऱ्या उतरून जावे, असे त्यांच्या मनात आले नाही. कारण सांगता येत नाही म्हणजे कारण नाही, असे विद्वानांस फार लवकर वाटते.

दुपारी जाळे टाकले गेले. तेल नव्हते, मीठ नव्हते. मासे निखाऱ्यावर भाजून खाल्ले. चार महिन्यांत प्रथमच गडावर कोणीतरी लावणीची ओळ गुणगुणले. वाळबाने आपला वाटा पश्चिम बुरुजावरच्या आजारी गड्यास दिला, आणि तो टाक्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला.

आता सहा दिवसांपूर्वीची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

तहाच्या बोलण्याचे निमित्त करून रंगोजीस गडाखाली पाठविण्यात आले होते. मोगली फौजेचा सरदार सय्यद यासीनखान हा साठीचा, शांत, मितभाषी योद्धा होता. त्याने रंगोजीस आदराने बसविले आणि बारा गावांची देशमुखी पुढे ठेवली. रंगोजी प्रारंभी नाही म्हणाला. नंतर त्याने मनाशी हिशेब मांडला, की गड असाही जाणार. मग जाताना आपल्या हातून गेला तर निदान आपले घर उभे राहील. मनुष्य आपला अधर्म असाच पायरीपायरीने उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला आपण अजून वरच आहोत असे वाटते.

खानाच्या मागे एक म्हातारा हकीम बसला होता. त्याने बचनागाच्या जहाल विषारी, कुटलेल्या मुळ्यांची थैली रंगोजीपुढे सारली आणि सहज विचारले, "पाण्यात मासे आहेत का?"

"आहेत. देवीचे आहेत."

हकीम हसला. "देवीचे असोत की कुणाचे. आधी ते काढा. नाहीतर सकाळी तेच सर्वांच्या आधी मरून वर येतील, आणि तुमचा एकही माणूस घागर बुडविणार नाही."

मेंगाळांच्या तीन पिढ्यांनी पाळलेल्या नियमाचे कारण अशा रीतीने शत्रूच्या डेऱ्यात, एका प्रश्नात उलगडले.

मासे खाल्ल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीस पहारा बदलत असता, रंगोजी टाक्याच्या पायऱ्या उतरला आणि थोड्याच वेळात रिकाम्या हाताने वर आला.

चौथ्या दिवशी सूर्योदयास टाक्यापुढे नेहमीप्रमाणे रांग लागली. वाळबा खाली उतरला. सवयीने त्याने नाचणीची चिमूट टाकली. दाणे पाण्यावर तरंगत राहिले. पाणी नितळ होते. त्याला वास नव्हता, रंग नव्हता, तवंग नव्हता. म्हाताऱ्याने ओंजळ भरून नाकाशी नेली आणि परत सोडली. मागील तीन दिवस त्याने भीत भीतच 'भरा' म्हटले होते. आज तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"अरे, बोल की!" वरून एक बाई ओरडली. "पोरांच्या जिभा टाळ्याला चिकटल्यात. तुझा मासा काय आता स्वर्गातून यायचाय?"

"मासा आमच्या पोटात हाय, बाबा," कोणी गडी म्हणाला. "त्याला इचार!"

गलबला ऐकून किल्लेदार आणि शास्त्रीबुवा तेथे आले. त्यांच्या मागोमाग रंगोजीही आला. "दाजी, या म्हाताऱ्याला बाजूला करा," तो घाईने म्हणाला. "लोक तहानेने बंड करतील."

"वाळबा, पाण्यात काही दिसते का?" किल्लेदारांनी विचारले.

"न्हाई सरकार. काय बी दिसत न्हाई. पर बरं हाय आसं सांगनारं बी कुनी दिसत न्हाई." त्याने कमरेचा तांब्या सोडला. "म्या पितो. ऊन त्या निशानाच्या काठीवर येईस्तवर समद्यांनी थांबायचं. म्या धड ऱ्हायलो तर तुमी भरा."

गदाधरशास्त्री दोन पायऱ्या खाली उतरले. "थांब. निर्णय मी दिला होता. तांब्या इकडे दे."

"तुमाला काशीची इद्या हाय, महाराज. टाक्याची न्हाई." म्हाताऱ्याच्या बोलण्यात उपहास नव्हता. "ज्याचं काम त्यानं करावं." आणि त्याने तांब्या बुडवून, उभ्यानेच, एका दमात रिता केला.

मग तो वरच्या पायरीवर येऊन बसला. तीनशे माणसे एका म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. थोडा वेळ काहीच घडले नाही, आणि रांगेत पुन्हा कुरबूर सुरू झाली. तेवढ्यात वाळबाने ओठांवरून हात फिरवला.

"महाराज, ध्यानात ठेवा," तो शास्त्रीबुवांस म्हणाला. "आदी ओठाला मुंग्या येत्यात. मग जिभेला."

शास्त्रीबुवा त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"बोटं कळंनात... पाय बी न्हाईत... छातीत कायतरी अडखाळतंय." तो एकेक लक्षण जपून, क्रमाने सांगत होता. त्याला घाम सुटला, दोनदा वांती झाली. एका बाईने पदराने त्याचे तोंड पुसले. मघाशी ओरडली होती तीच ती. ऊन निशाणाच्या काठीपर्यंत चढण्यापूर्वी वाळबाने मान उचलण्याचा यत्न केला आणि नेहमीच्या स्वरात, सर्वांस ऐकू जाईल असे, म्हटले, "आज भरू नगा."

त्यानंतर तो बोलला नाही.

रिकाम्या घागरी हातात धरून माणसे उभी होती. कोणी रडले नाही. रडण्याइतके पाणी कोणाच्या अंगात उरले नव्हते. ज्याला विषाची खबर असेल तो आज पाण्याला आला नसेल, हे ताडून जैताजीराव मात्र एकेका घराची मोजदाद करू लागले होते: कोण आले, कोण नाही. आणि त्यांच्या ध्यानात आले, की त्यांच्या स्वतःच्या घरची घागर रांगेत नाही.

तोच भागूबाई, त्यांच्या पत्नी, गर्दीतून पुढे आल्या. मागे दोन कुणबिणींनी चार भरलेल्या घागरी आणून ठेवल्या. "स्वारींनी ऐकावे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. "हे पाणी कालचे आहे. काल सकाळीच रंगोजीने टाक्यातून वेगळे काढवून माझ्याकडे पोहोचविले, आणि म्हणाला, आक्का, उद्या कोणाला टाक्यावर धाडू नकोस, गर्दी फार असते. मी ती माया समजले." त्यांनी भावाकडे पाहिले. "आणि ती मायाच होती, नाही का रे?"

रंगोजीला धरण्यास चार गडी पुढे झाले.

किल्लेदारांची मूठ तलवारीवर वळली. "कडेलोट! याच क्षणी! शास्त्रीबुवा, शास्त्र काय सांगते?"

"आज मला शास्त्र विचारू नये," गदाधरशास्त्री म्हणाले. "परंतु एक वडीलधारा म्हणून सांगतो. राग आला असता तोंड धुवावे, आणि पाणी नसेल तर शंभर पावले चालावे. मेलेला मनुष्य उत्तरे देत नाही. खान खाली कशाची वाट पाहतो आहे, ते आधी याला विचारावे."

जैताजीरावांनी आयुष्यात प्रथमच पहिल्या विचारापाशी न थांबता दुसरा विचार केला. ते खरोखरच तटाच्या कडेने शंभर पावले चालून परत आले, आणि मग त्यांनी चौकशी केली. रंगोजीने सर्व सांगितले: दोन प्रहरी पश्चिम बुरुजावर भगवे वस्त्र हलताच खानाचे दोन हजार लोक वर चढणार होते, प्रेतांनी भरलेला गड ताब्यात घेण्यास.

सदरेवर तरुण नाईकांचे एकच म्हणणे पडले, की दरवाजा उघडून तुटून पडावे आणि मरावे.

"मरण सोपे आहे," जैताजीराव म्हणाले. "ते मी कालपर्यंत रोज निवडीत आलो. पण ही दोनशे बायकापोरे तुटून कशी पडतील? गडावर दुसरे पाणी नाही, हे रंगोजीने खानास सांगितलेले नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे, की विष पडले असावे. त्याच्यापाशी जाऊन बोलेल असा कोण आहे?"

गदाधरशास्त्री उठले. "त्या चार घागरींतील एक मला द्यावी," ते म्हणाले. "बाकीच्या तीन घागरी लेकरांस पुरवा."

एक घागर म्हणजे पन्नास माणसांचे घसे. क्षणभर सर्वांनी त्यांच्याकडे अविश्वासाने पाहिले. मग भागूबाईंनी स्वतः ती घागर उचलून एका गड्याच्या खांद्यावर दिली.

भर उन्हात पांढरे निशाण घेऊन ते वृद्ध ब्राह्मण उतरण उतरू लागले. पहाटेपासून त्यांच्या मुखात पाण्याचा थेंब गेला नव्हता. तीन ठिकाणी ते थांबले, परंतु मागच्या गड्याच्या खांद्यावरील घागरीकडे त्यांनी वळून पाहिले नाही. खानाच्या डेऱ्यापुढे पोहोचताच त्यांनी आत जाण्यापूर्वी घागर खाली ठेवविली आणि म्हणाले, "प्रवासाची धूळ घेऊन मोठ्यांपुढे जाऊ नये, असा आमचा आचार आहे." आणि सर्वांच्या देखत त्यांनी ती संपूर्ण घागर आपल्या पायांवर ओतविली; आधी उजव्या, मग डाव्या, सावकाश. पाणी वाळूत जिरले. शास्त्र्यांनी त्यातील एक चूळही भरली नाही. चूळ भरली असती, तर हात थांबला नसता, हे त्यांना ठाऊक होते.

यासीनखानाने ते पाहिले. त्याच्या मागे उभ्या असलेल्या हकीमानेही पाहिले.

"पंडितजी," खान म्हणाला, "गडावर आज प्रकृती कशा आहेत?"

"एक मनुष्य मरण पावला. त्याने सर्वांच्या आधी पाणी पिऊन पाहिले, म्हणून बाकी सर्व जिवंत आहेत. आपला मनुष्य आमच्या कैदेत आहे."

खानाच्या चेहऱ्यावर लाज उमटली की केवळ निराशा, हे सांगणे कठीण. "मग आपण कशासाठी आलात? पाणी तर आता राहिले नसेल."

"दुसरे टाके आहे," गदाधरशास्त्री म्हणाले. "पावसापर्यंत पुरेल. परंतु फितुराच्या भूमीत राहण्याची किल्लेदारांची इच्छा नाही. शस्त्रांसह, बायकामुलांसह, नगारा वाजवीत उतरण्याचा कौल मिळाला तर गड देतो. न मिळाला तर पाऊस लागेपर्यंत लढतो; आणि पाऊस लागल्यावर ही नदी आपले डेरे कोठे ठेवील, ते आपण जाणता."

हकीम पुढे वाकला. त्याचे डोळे शास्त्र्यांच्या मुखावर खिळले होते. "त्या दुसऱ्या टाक्यात मासे आहेत?"

अडुसष्ट वर्षांत ज्या जिव्हेने असत्य उच्चारले नव्हते, ती कोरडी, सुजलेली जिव्हा क्षणमात्रही अडखळली नाही.

"आहेत," गदाधरशास्त्री म्हणाले. "आज पहाटेच पाहून आलो."

हकीमाने खानाकडे पाहून मान हलविली. या ब्राह्मणाची कीर्ती त्या दोघांनीही ऐकली होती.

कौल लिहिला गेला. त्याच दिवशी, ऊन कलताना, शिलंधर गडाचा नगारा वाजला आणि तीनशे माणसे शस्त्रांसह खाली उतरली. वाळबा मेंगाळास त्याच्या मुलांनी खांद्यावरून आणले. नदी आली तेव्हा लहान लेकरांनी धाव घेतली, मग बायकांनी. जैताजीराव सर्वांच्या शेवटी पाण्यात उतरले. रंगोजीस त्यांनी कड्यावरून लोटले नाही. खानाच्या चौकीवर त्याच्या मुसक्या सोडून ते म्हणाले, "हा तुमचा. बारा गावे याला द्या, आणि त्या गावांच्या विहिरीवर याच्या हातचे पाणी कोण पितो ते पाहा." सांगतात, की खानाने त्याला गावेही दिली नाहीत आणि छावणीत ठेवूनही घेतले नाही. भागूबाईंनी त्याचे नाव पुन्हा उच्चारले नाही. मात्र प्रतिवर्षी भाऊबीजेच्या दिवशी त्या उपोषित राहत.

दुसऱ्या दिवशी मोगली शिबंदी गडावर गेली तेव्हा तिला दोन कोरडी टाकी आणि एक विषारी टाके आढळले. खान रागावला नाही, असे म्हणतात. त्याने आपली तुकडी मुकाट्याने खाली बोलाविली, आणि पावसापर्यंत गड दोघांचाही नव्हता.

जैताजीरावांची किल्लेदारी गेली. गड न लढता दिल्याचा ठपका त्यांच्यावर आयुष्यभर राहिला आणि त्यांनी तो खोडण्याचा यत्न केला नाही.

गदाधरशास्त्री पुढे पैठणकडील एका लहान गावी जाऊन राहिले. तेथे त्यांच्यापाशी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुष्कळ वर्षांनी धीर करून विचारले, "गुरुजी, खानापुढे आपण असत्य बोललात, त्याचे प्रायश्चित्त कोणते घेतले?"

"कृच्छ्र केले," शास्त्री म्हणाले. "बारा दिवसांत आटोपले."

विद्यार्थी उठू लागला तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबविले.

"त्याच्या आधी चार दिवस सदरेवर मी खरे बोललो होतो," ते म्हणाले. "त्याचे अजून चालू आहे."